अंधारात, कच्च्या पट्टीवर: कमांडो घेऊन जाणाऱ्या वाहतूक विमानांचा अभ्यास कसा करायचा

आमच्याकडे तालुक्याच्या अभ्यासिकेत अग्निवीर वायु, एनडीए, एएफकॅट असं सैन्य-हवाई दलाच्या भरतीचं काही ना काही करून राहिलेले पोट्टे-पोट्टी बरेच आहेत, आणि विमानाचा विषय निघाला की सगळे राफेल, सुखोई, ब्रह्मोस इथंच अडकतात, स्पीड किती, मिसाईल किती दूर जाते, बस. वाहतूक विमान म्हटलं की "ते तर सामान नेते नं भाऊ" म्हणून विषय बंद. मला हे अजिबात पटत नाही. शत्रूच्या मुलुखात रात्री लाइट न लावता शिरायचं, जिथं धड धावपट्टी नाही तिथं उतरायचं, पोटात माणसं भरायची आणि पुन्हा त्याच रस्त्यानं बाहेर यायचं, आणि हे सगळं करताना स्वतःकडे लढायला काहीच नाही, अशा विमानाच्या कामात जितकं शिकायला आहे तितकं मला तरी दुसऱ्या कशात दिसत नाही. म्हणून हा अभ्यास नेमका कसा करायचा ते सविस्तर लिहून राहिलो.

सामान फार लागत नाही. एक वही, जगाचा नकाशा (मोबाईलवरचा चालते, पण कागदाचा असला तर दोरा लावून अंतर मोजता येते), कॅल्क्युलेटर आणि भिंतीवरचं कालनिर्णय. हो, कालनिर्णय, त्याचं काम पुढे सांगतो.

आधी विमान ओळखायला शिका. सी-130जे सुपर हर्क्युलस म्हणजे पंख वर, पोट जमिनीजवळ, चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनाला सहा पाती. जुन्या हर्क्युलसला चार पाती असायची, म्हणून जुना फोटो दिसला की पाती मोजा, विमान कोणत्या पिढीचं ते लगेच कळते. एएन-32 ला दोनच इंजिनं आणि ती पंखाच्या वर चढवलेली. सी-295 पण दोन इंजिनांचं पण अंगानं सडपातळ. आयएल-76 आणि सी-17 ही चार जेट इंजिनांची मोठी विमानं, आयएल-76 च्या नाकाखाली काच असते, सी-17 च्या पंखांची टोकं वर वळलेली असतात. आता वहीत लिहा, या सगळ्यांचे पंख वर काहून असतात? इंजिन जमिनीपासून उंच राहते, दगडगोटे आत जात नाहीत, आणि पोट खाली असल्यामुळे मागचा रॅम्प, म्हणजे उतारासारखं खाली पडणारं दार, उघडला की जीप सरळ आत चढते. ही रचनाच कच्च्या जागेसाठी केलेली आहे. आपल्या हवाई दलात सी-130जे 2011 मध्ये आलं, 77 स्क्वाड्रन, हिंडन इथं, आणि नंतर दुसरं पथक 87 स्क्वाड्रन पानागढला.

आता खरी पद्धत. कोणतीही मोहीम वाचायला घेतली की चार प्रश्न विचारायचे: उतरायला जमीन कशी होती, अंधारात दिसलं कसं, तेल कुठून आलं, आणि बाहेर निघाले कसे. बंदुका कोणत्या होत्या, किती मारले, हे सगळ्यात शेवटी वाचा, नाही वाचलं तरी चालते. मोहीम जिंकते-हरते ती बहुतेक या चार प्रश्नांवरच, हे तुम्हाला पाच-सहा मोहिमा केल्या की आपोआप दिसेल.

जमिनीपासून सुरू करू. हर्क्युलससाठी अमेरिकन लोक कच्ची पट्टी आखतात ती कमीत कमी 3000 फूट लांब आणि 60 फूट रुंद, म्हणजे साधारण 900 मीटर बाय 18 मीटर. हे आकडे नुसते पाठ करू नका. गावाबाहेर सरळ पांदण रस्ता किंवा कॅनॉलच्या बाजूचा रस्ता पाहा, गाडीच्या मीटरवर 900 मीटर मोजा, दोन टोकांना दगड ठेवा आणि पायी चालून या. मग विचार करा की भरल्या अंगानं साठ-सत्तर टनापर्यंत जाणारं विमान इतक्यात थांबवायचं आहे आणि पंखांची लांबी 40 मीटर, म्हणजे 18 मीटरच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पंख 11-11 मीटर बाहेर लटकून राहतील. तुमच्या रस्त्याच्या कडेला बाभळी असतील तर त्या मोजा, प्रत्येक बाभूळ म्हणजे रद्द झालेली मोहीम. नागपूरची धावपट्टी 3 किलोमीटरपेक्षा लांब आहे, ती डोळ्यासमोर ठेवून या विमानांचा अंदाज बांधाल तर चुकाल.

लांबीनंतर हवा. हा भाग विदर्भातल्या पोरांना सगळ्यात लवकर समजतो कारण मे महिना आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तापलेली हवा पातळ होते, पातळ हवेत पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकद पण कमी होते, म्हणून तेच विमान तेवढंच वजन घेऊन उडायला जास्त पट्टी खाते. हिशोब सोपा आहे: समुद्रसपाटीला प्रमाण तापमान 15 अंश, दर 1000 फुटाला 2 अंश कमी, आणि प्रमाणापेक्षा जितके अंश जास्त तितके गुणिले 120 फूट उंचीत मिळवायचे. नागपूर साधारण 1000 फुटावर, तिथलं प्रमाण तापमान 13 अंश, उन्हाळ्यात 45 असलं तर फरक 32 अंशांचा, 32 गुणिले 120 म्हणजे 3840, अधिक 1000, म्हणजे विमानाच्या लेखी नागपूर जवळपास 4800 फुटावर गेलं. आता लडाखमधलं दौलत बेग ओल्डी घ्या, 16,614 फूट, आणि 20 ऑगस्ट 2013 ला आपलं सी-130जे तिथल्या कच्च्या पट्टीवर उतरलं होतं. वरचा हिशोब एकदा हातानं केला की ही बातमी किती मोठी होती ते अंगावर येते. त्याआधी 24 मे 1948 ला एअर कमोडोर मेहेर सिंग जनरल थिमय्यांना बाजूला बसवून डाकोटा हे जुनं दोन इंजिनांचं वाहतूक विमान घेऊन लेहला उतरले होते, ना धड नकाशा ना ऑक्सिजनची सोय, ते पण याच पानावर लिहून ठेवा.

मग माती. काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की ट्रॅक्टर कसा फसते ते आपण पाहतोच, विमानाच्या चाकाचं पण तसंच आहे, वरून जमीन सपाट दिसते पण ती वजन धरेल की नाही हे उतरून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून मोठ्या मोहिमेआधी कोणीतरी गुपचूप जाऊन माती पाहून येते. इराणमधल्या 1980 च्या मोहिमेआधी अमेरिकन हवाई दलाचे मेजर जॉन कार्नी छोट्या ट्विन ऑटर विमानातून रात्री त्या वाळवंटात उतरले, मातीचे नमुने घेतले, आणि दुरून चालू करता येतील असे इन्फ्रारेड दिवे जमिनीत पुरून आले. जमीन टणक होती, सगळं ठीक होतं. तीन आठवड्यांनी विमानं आली तेव्हा मधल्या वादळांनी तिथं घोट्याएवढी पिठासारखी धूळ आणून टाकलेली होती. माहिती खरी होती पण शिळी झाली होती, हे वहीत लाल पेननं लिहा.

उलट उदाहरण 5 मार्च 1944 चं, ऑपरेशन थर्सडे. आसाममधल्या लालाघाटवरून डाकोटा विमानं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, ओढून ब्रह्मदेशात जपान्यांच्या मागे उतरवणार होती. निघायच्या अगदी थोडा वेळ आधी ताजा हवाई फोटो आला आणि त्यात पिकाडिली नाव दिलेल्या मैदानावर झाडांचे ओंडके आडवे पडलेले दिसले. तिथं जाणारी तुकडी ऐनवेळी ब्रॉडवे नावाच्या दुसऱ्या मैदानाकडे वळवली. पण ब्रॉडवेवर पण गवताखाली ओंडके ओढून पडलेल्या खोल चाकोऱ्या लपलेल्या होत्या, फोटोत त्या दिसल्या नाहीत, ग्लायडर मोडले, माणसं गेली. तरी वाचलेल्या लोकांनी ग्लायडरमधून आणलेल्या छोट्या बुलडोझरनं दिवसभरात पट्टी केली आणि दुसऱ्या रात्री डाकोटा उतरायला लागली. पुढे हवेतून सुमारे 9000 सैनिक आणि हजाराहून जास्त खेचरं आत नेली. आलापल्लीच्या जंगलाकडच्या कोणाला ओंडक्यांच्या चाकोऱ्या म्हणजे काय ते विचारा, तो नीट सांगेल.

दुसरा प्रश्न अंधाराचा, आणि इथं कालनिर्णय. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची लायसँडर नावाची छोटी विमानं फ्रान्समध्ये गुप्तहेर सोडायला जायची ती पौर्णिमेच्या आजूबाजूच्या रात्रीच, कारण पायलटला नदी, रेल्वेलाइन चांदण्यात पाहूनच रस्ता काढायचा असायचा, आणि खाली शेतात तीन टॉर्च एल आकारात लावलेले, बस तेवढीच धावपट्टी. 21 नोव्हेंबर 1970 ला उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय कैदी छावणीवर अमेरिकनांनी धाड टाकली, तिची तारीख पण चंद्रावरून ठरवली होती, वद्य अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र, जो मध्यरात्री उगवते आणि दोन-अडीचला पूर्वेला बऱ्यापैकी वर आलेला असते, म्हणजे दिसायला पुरेसा उजेड पण दिवसासारखा लख्ख नाही. रात्रीच्या लाइनवर ओलिताला जाणाऱ्या माणसाला हे मी सांगायची गरज नाही, कोणत्या तिथीला किती वाजता बांध दिसते ते त्याला पक्कं माहीत असते. तुम्ही पण एक महिना करून पाहा: वेगवेगळ्या तिथीला रात्री बाराला आणि दोनला शेतात उभे राहा, मोबाईल खिशात ठेवा, डोळ्यांना वीस-तीस मिनिटं द्या, आणि किती दूरचं झाड ओळखू येते ते लिहा. एकदा मोबाईलचा लाइट डोळ्यात गेला की परत पहिल्यापासून वाट पाहावी लागते, कॉकपिटमध्ये लाइट इतके मंद काहून ठेवतात ते तिथंच समजते. आता नाइट व्हिजन गॉगल आले म्हणून चंद्राची गरज कमी झाली, जानेवारी 2024 मध्ये आपलं सी-130जे कारगिलच्या पट्टीवर रात्री उतरलं ते याच्याच जोरावर, चारही बाजूंनी डोंगर असताना.

रडारचं पण इथंच करून घ्या. पृथ्वी गोल आहे म्हणून खाली उडणारं विमान रडारला उशिरा दिसते. सूत्र: अंतर किलोमीटरमध्ये म्हणजे 4.12 गुणिले (विमानाच्या उंचीचं वर्गमूळ अधिक रडारच्या उंचीचं वर्गमूळ), उंची मीटरमध्ये. रडार 20 मीटरवर आणि विमान 6000 मीटरवर असलं तर साधारण 338 किलोमीटरवरून दिसते, तेच विमान 80 मीटरवर उडालं तर 55 किलोमीटरवरून. ताशी 540 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 9, म्हणजे पहिल्यात शत्रूला 37 मिनिटं मिळाली, दुसऱ्यात फक्त 6. एमसी-130 कॉम्बॅट टॅलन हे हर्क्युलसचंच रूप खास यासाठी बनवलं, जमिनीचा चढउतार पाहून खालून उडायचं रडार त्याच्या नाकात असायचं. पण खाली उडालं की तेल जास्त जळते, आणि तिसरा प्रश्न तिथून सुरू होते.

तेल. हा प्रश्न कोणी विचारतच नाही आणि सगळं तिथंच अडते. 1976 चं एन्टेबी घ्या. पळवून नेलेल्या विमानातले ओलीस सोडवायला 3 जुलैच्या रात्री इस्रायलची चार हर्क्युलस युगांडात उतरली, अंतर जवळपास 4000 किलोमीटर, लाल समुद्रावरून खालून उडत. नकाशावर दोरा ठेवा शर्म अल शेखपासून एन्टेबीपर्यंत, आणि मग लक्षात घ्या की परत यायचं तेल टाकीत नव्हतं. त्यांनी एन्टेबीच्याच टाक्यांमधून तेल उपसायला पंप सोबत नेला होता, शेवटी नैरोबीला उतरून भरता आलं. तासाभराच्या आत ओलीस लोकांना घेतलेलं विमान उडालं, शंभरच्या वर लोक सुटले, कमांडर योनातन नेतान्याहू तिथंच मारले गेले. अजून एक बारीक गोष्ट पाहा: पहिलं विमान उतरून अजून पळतच होतं तेव्हाच पॅराट्रूपर बाजूच्या दारातून उड्या मारून धावपट्टीच्या कडेला स्वतःचे दिवे ठेवत गेले. काहून? कारण गडबड झाली की विमानतळाचे लाइट बंद होणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि तसंच झालं, मागची विमानं त्या छोट्या दिव्यांवर उतरली. मला या अख्ख्या मोहिमेत हाच भाग सगळ्यात भारी वाटते, गोळीबारापेक्षा किती तरी जास्त.

आता चौथा प्रश्न, बाहेर कसे निघाले, आणि त्यासाठी फसलेली मोहीमच घ्या. जिंकलेल्या मोहिमेत सगळं सोपं दिसते, फसलेल्यात आतला सांगाडा दिसते. ऑपरेशन ईगल क्लॉ, म्हणजे वर आलेली इराणची तीच मोहीम, 24 एप्रिल 1980 ची रात्र. तेहरानमधल्या अमेरिकन दूतावासातल्या ओलीस लोकांना सोडवायला तीन एमसी-130 मधून कमांडो, तीन ईसी-130 मधून रबराच्या मोठ्या पिशव्यांमध्ये तेल, आणि निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टर, सगळे वाळवंटात डेझर्ट वन या ठिकाणी भेटणार. कमीत कमी सहा हेलिकॉप्टर पाहिजे असं आधीच ठरलेलं. वाटेत हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीचे ढग लागले, आठातली सहाच पोचली, त्यातलं एक तिथं नादुरुस्त निघालं, उरली पाच. मोहीम रद्द. इथपर्यंत एकही अमेरिकन मेला नव्हता, हे नीट लिहून घ्या. परत निघायच्या तयारीत एक हेलिकॉप्टर जागा बदलायला वर उठलं, पंख्यानं ती पिठासारखी धूळ उडवली, पायलटला काहीच दिसेना, आणि ते सरळ तेल घेऊन उभ्या असलेल्या ईसी-130 वर गेलं. 8 जण गेले. कमांडो तेहरानपर्यंत पोचायच्याही आधी. वहीत चारही प्रश्नांसमोर या मोहिमेचं उत्तर लिहा, जमीन, अंधार, तेल, बाहेर निघणं, प्रत्येक ठिकाणी काहीतरी सापडेल. या अपघातानंतर अमेरिकेनं सगळी व्यवस्था बदलली, 1987 मध्ये विशेष मोहिमांसाठी वेगळी कमांडच उभी केली.

लोडमास्टर नावाच्या माणसाबद्दल पण वाचा. पायलटचं नाव पेपरात येते पण मागे पोटात कोणतं वजन कुठं ठेवायचं, साखळ्या कशा बांधायच्या, रॅम्प कधी उघडायचा, हे हा माणूस पाहते. सामान दोन हात मागे सरकलं तर विमानाचं नाक वर जाऊ शकते. 16 मार्च 2024 ला आपल्या सी-17 नं अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर, दोन रबरी बोटी आणि नौदलाचे मार्कोस कमांडो पॅराशूटनं सोडले, चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन जहाज सोडवायला, 17 खलाशी सुखरूप निघाले. चालत्या विमानातून बोट बाहेर काढताना मागच्या माणसाच्या डोक्यात काय हिशोब चालला असेल त्याचा विचार करा.

सराव सुरू करायला सगळ्यात चांगली मोहीम म्हणजे आपलीच, सुदानमधली. ऑपरेशन कावेरी, तिथल्या लढाईत अडकलेल्या भारतीयांना काढायला, 27-28 एप्रिल 2023 ची रात्र, राजधानी खार्तुमच्या उत्तरेला वादी सय्यिदना नावाची खराब झालेली छोटी पट्टी, तिथं दिशादर्शक यंत्र नाही, तेल नाही, आणि उतरायला लाइट पण नाही. सी-130जे च्या लोकांनी आधी इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं पट्टीवर काही आडवं पडलं आहे का ते पाहिलं, मग नाइट व्हिजनवर उतरवलं. इंजिनं चालूच ठेवली, हवाई दलाच्या गरुड कमांडोंनी लोकांना आणि सामानाला विमानात घेतलं, आणि 121 जण, त्यात एक गर्भवती बाई, जेद्दाला पोचले. चारही प्रश्नांची उत्तरं या एका पानात बसतात, इंजिनं बंद काहून केली नाहीत याचं उत्तर स्वतः काढा.

एक गोष्ट कडक सांगतो. अभ्यासासाठी कोणत्याही हवाई तळाच्या भिंतीजवळ जाऊन फोटो, व्हिडिओ काढायचे नाहीत, नागपूरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे तिथं तर नाहीच, आणि कोणतं विमान कुठून किती वाजता गेलं हे ग्रुपवर टाकायचं नाही. तुमचा भाऊ-काका सैन्यात असला तर त्याच्या पोस्टिंगबद्दल खोदून विचारू नका. वर लिहिलेलं सगळं जाहीर झालेलं आहे, अभ्यासाला ते भरपूर पुरते.

सुदान झालं की ऑपरेशन कॅक्टस घ्या, 3 नोव्हेंबर 1988, मालदीवमधलं बंड मोडायला आग्र्यावरून आयएल-76 नं पॅरा ब्रिगेडचे जवान मालदीवच्या हुलुले बेटावर रात्री उतरवले. आग्रा ते माले दोरा लावा, अडीच हजार किलोमीटरच्या वर येईल. बेटावरच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांना समुद्र आहे, आणि टॉवर कोणाच्या ताब्यात आहे याची निघताना खात्री नव्हती. आता वही उघडा, त्या दिवशीची तिथी शोधा, चार प्रश्न लिहा, आणि पाचवा मी देतो: पट्टी बंडखोरांच्या हातात असती तर या विमानानं काय करायला पाहिजे होतं, आणि त्यासाठी टाकीत किती तेल ठेवावं लागलं असतं?